फौजी खाली बसला

आमची पोस्ट काश्मिरात, एलओसीच्या एका उतारावर होती. पहाटे स्टँड-टू, म्हणजे उजाडायच्या आधी सगळ्यांनी हत्यार घेऊन खंदकातल्या मोर्च्यात उभं राहायचं. मग चहा, मग हत्यारांची सफाई, मग पाण्याची पार्टी खाली नाल्यावर. दुपारी धुकं नसलं तर व्हॉलिबॉल. सपाट जागा एकच, हेलिपॅड. त्याच्या एका अंगाला दरी. ज्याच्या हातून बॉल दरीत जाईल त्यानं दुसऱ्या दिवशी सगळ्या सेक्शनचं पाणी वाहायचं, असा आमचा कायदा. सिव्हिल लोकांना वाटतं, फौज म्हणजे चोवीस तास गोळीबार. नाही बाप्पा. फौज म्हणजे पाणी भरणं, बर्फ उपसणं आणि वाट पाहणं.

देविदास माझ्या सेक्शनमध्ये शिपाई होता. मी नाईक, सेक्शन कमांडर. आम्ही दोघंही दिग्रस तालुक्यातले, एकाच गावचे. त्याचं घर गावात, शेतकऱ्याचं. माझं गावाला लागून असलेल्या बंजाऱ्यांच्या तांड्यात. ड्यूटीवर तो मला 'सर' म्हणायचा, बाकी वेळ 'भाऊ'. कंपनीचा स्पायकर तोच. जाळीजवळ उडी घेतली की खाली यायचं नावच नाही. आम्ही ओरडायचो, "अबे उतर आता, चहा थंडा होऊन राह्यला!"

एका ऑक्टोबरात सकाळी मी पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, घेऊन निघालो. वाट रोजची, तपासलेली. पण रात्री पाऊस झाला होता. वरची माती वाहून येते, तेव्हा तिच्यासोबत जमिनीत पुरलेली जुनी माइनही, म्हणजे सुरुंग, जागा सोडते. देविदास माझ्यामागे चालत होता. आवाज झाला आणि मी तोंडावर पडलो. मागे वळून पाहिलं तर तो बसलेला होता, आणि त्याच्या उजव्या पायाचा बूट जागेवर नव्हता. मी रक्त थांबवायला टूर्निके आवळून बांधला आणि वायरलेस सेट उचलला.

"चार्ली, चार्ली टू. माइन. एक कॅजुअल्टी. ओवर."

"कौन? ओवर."

"देविदास. राइट लेग. ओवर."

"होश में है? ओवर."

"है. बात कर रहा है. ओवर."

खरंच बोलत होता. म्हणाला, "भाऊ, रविवारची मॅच कॅन्सल नोका करू. मी येतो."

हेलिकॉप्टर वेळेत आलं. पाय गुडघ्याखाली गेला, माणूस वाचला. हे आधीच सांगून टाकतो, कारण लोक मला याच सकाळबद्दल विचारतात. मला सांगायचंय ते या सकाळचं नाही. या सकाळी देविदास मेला नाही.

पुण्याला जिथं जवानांना कृत्रिम पाय बसवतात तिथं त्याला भेटायला मी सुट्टीत गेलतो. वाटलं होतं, पलंगावर तोंड फिरवून पडलेला असेल. वॉर्डात सापडलाच नाही. मैदानात पाहतो तर जाळी लावलेली, पण खाली, बसलेल्या माणसाचा हात पोचेल एवढीच. तिच्या दोन्ही अंगाला माणसं जमिनीवर बसलेली. हाताच्या जोरावर सरकायचं आणि बॉल मारायचा. मारताना बूड जमिनीवरून उचललं तर फाऊल. कॅप्टन, सुभेदार, शिपाई, सगळे मातीत. सगळ्यांचे नकली पाय लाइनीच्या बाहेर ओळीनं ठेवलेले. देविदासनं मला पाहिलं आणि ओरडला, "भाऊ, बसा खाली! उभ्या मान्साले एन्ट्री नाही!"

मी बसलो. पाचव्या मिनिटाला माझे दंड भरून आले. त्यानं मला धू धू धुतलं.

निघायच्या आधी तिथल्या डॉक्टर बाई भेटल्या, मेजर होत्या. देविदासच्या समोरच मला म्हणाल्या, "घर में शुगर है इसके, बाप को थी. ये बैठ गया तो वज़न बढ़ेगा, शुगर आएगी, और दूसरा पाँव भी जाएगा. इसको हिलाते रहना. ये ऑर्डर है." मी म्हणालो, "जी मॅडम." फौजेत 'जी' म्हटलं की ते काम तुमचं.

देविदास बोर्ड आउट होऊन, म्हणजे मेडिकलवर नोकरीतून सुटून, गावी आला. मी आणखी काही वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून रिटायर झालो. एसटीतून उतरलो तर तो स्टँडवर आलेला, पॅन्टच्या आत नकली पाय, अंगावर इस्त्रीचा शर्ट. पोट सुटलेलं. घरी त्याची बायको सुनंदा चहा देताना म्हणाली, "भाऊजी, तुमीच सांगा आता. शुगर निघाली त्यायले. वावरात जाऊ म्हनते तर लोक जाऊ देत नाही. पान्याची बालटी उचलली तर कोनी ना कोनी हातातून घेऊन घेते. म्हंते, फौजीनं कायले उचलाचं."

"मग तू काय करतं?" मी देविदासला विचारलं.

"बसतो," तो म्हणाला.

मला डॉक्टर बाईंची ऑर्डर आठवली. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या वावरात गेलो. तिथं त्याच्या वडलांच्या काळचं खळं होतं. मळणी यंत्रानं व्हायला लागल्यापासून ते तसंच पडून होतं, चारी बाजूंनी तूर, रस्त्यावरून कोणाला दिसू नये असं. आमची काळी जमीन खेळायला नालायक. उन्हात भेगा पडतात, पावसात पायाला चिकटते. पण खळ्याची गोष्ट वेगळी. मुरूम टाकून ठोकलेलं, वर शेणानं सारवलं की हात फिरवावा असं गुळगुळीत. सुनंदावहिनीनं सारवून दिलं. मी दोन बल्ल्या गाडल्या आणि जाळी बांधली. असं कोर्ट पुण्यालाही नव्हतं.

माणसं हळूहळू जमली. दिग्रसच्या कापसाच्या जिनिंगमध्ये पाय गेलेला एक जण. आमच्या तांड्यातले दोघे भाऊ, दोघांचेही पाय जन्मापासून वाकडे. आणि निर्मला. गावात ब्लाउज शिवायची, तिशीची असेल. लहानपणी तापात तिचा डावा पाय वाळला होता. लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर आणि काखेत कुबडी, अशी चालायची. पहिल्या दिवशी तिनं कॅलिपर सोडायला किती वेळ लावला! आम्ही सगळे तुरीकडे तोंड करून बसलो. मग बॉल आला, ती हातांवर सरकत गेली आणि जिनिंगवाल्याच्या आधी पोचली. तिथंच हसत सुटली. म्हणाली, "भाऊ, जिंदगीत पयल्यांदा कोनाच्या पुढे गेली मी."

मी त्यांना फौजेसारखाच पीटी द्यायचो. वॉर्म-अप, दंड, पोटाचे व्यायाम, मग गेम. दया नाही. मुद्दाम लांब बॉल टाकायचो. देविदास शिव्या द्यायचा, निर्मला त्याला चिडवायची, "फौजी, बूड उचललं तुमी, फाऊल! बार्डरवर असंच करत होते काय?" तूर फुलली, शेंगा धरल्या. देविदासचं पोट उतरलं. दिग्रसला शुगर तपासली तर डॉक्टर म्हणाले, गोळी अर्धी करा. सुनंदावहिनीनं मला त्या दिवशी पुरणपोळी खाऊ घातली. देविदासला दिली नाही, म्हणून तो रुसला.

सव्वीस जानेवारी जवळ आली, तेव्हा देविदास म्हणाला, "भाऊ, झेंड्याच्या दिवशी शाळेच्या ग्राउंडवर मॅच ठेवू."

"इथं काय वाईट चाललंय?"

"इथं लपून खेळून राह्यलो आपन. चोरी हाय काय? तालुक्यात आपल्यासारखे किती घरात पडून असतीन. त्यायले दिसू तर द्या."

मला ते पटलं. निर्मला मात्र बोटानं सारवण उकरत बसली. म्हणाली, "माह्या मायले मी सांगतलं नाही अजून. तिले वाटते मी शिलाईचं माप घ्याले जातो." देविदास म्हणाला, "तुही माय पाहीन न खुश होईन पोरी." ती हो म्हणाली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते हेच. पण तेव्हा ते कोणाला वाटलं?

सव्वीसला सकाळी झेंडावंदन झालं. मी आणि देविदासनं मेडल लावून सलामी दिली. भाषणं झाली. ग्राउंडवर आम्ही आदल्या दिवशी सारवून ठेवलं होतं, चुन्याच्या रेषा मारल्या होत्या. समोर मंडप, त्यात लाल प्लास्टिकच्या खुर्च्या. सगळं गाव होतं. आम्ही मंडपाच्या मागे गेलो, पाय उतरवले, कॅलिपर सोडलं आणि कोर्टावर सरकत आलो. पाय शिस्तीत लाइनीच्या बाहेर ठेवले, पुण्यासारखे. मी अंपायर. शिट्टी वाजवली.

पहिली सर्व्हिस देविदासची. बॉल पलीकडे गेला, तांड्यातल्या धाकट्यानं उचलला, परत आला. देविदास सरकत गेला आणि त्यानं असा मारला, की मला हेलिपॅड आठवलं. मी टाळी वाजवली. माझी एकट्याचीच वाजली.

मंडपात कोणी हलत नव्हतं. मग पहिल्या ओळीतले एक म्हातारे आजोबा उठले. आवाज कापत होता त्यांचा. "अरे, काही लाज हाय का नाही? फौजी खाली मातीत बसला, न आपन खुर्चीवर!"

झालं. सगळा मंडप उभा राहिला. आमच्याकडे मान देण्याची रीत अशी आहे. पाहुणा आला, मोठा माणूस आला की त्याला आधी बसायला द्यायचं. तो जमिनीवर आणि आपण वर, यासारखा दुसरा अपमान नाही. सरपंच स्वतःची खुर्ची दोन्ही हातांनी डोक्यावर धरून धावत आले. त्यांच्या मागून आणखी लोक, प्रत्येकाच्या हातात खुर्ची. मी शिट्टी मारली. "गेम चालू हाय! बाहेर व्हा! कोर्ट खाली करा!" माझा आवाज परेड ग्राउंडला पुरायचा. त्या दिवशी कोणाला ऐकूच गेला नाही.

"सायेब, खाली काहून बसले तुमी? आमी मेलो काय?" सरपंच देविदासला म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खोटं नव्हतं ते, हीच तर पंचाईत.

"खेळून राह्यलो ना मी! सोडा!" देविदास ओरडला. "अबे, भीक नको पन कुत्रं आवर! सोडा मले!"

चार जणांनी त्याच्या काखेत हात घातले आणि त्याला उचलून खुर्चीवर बसवलं. कोणीतरी त्याचा नकली पाय जमिनीवरून उचलला. सरपंचांनी तो स्वतःच्या उपरण्यानं पुसला आणि स्टेजवर पुढाऱ्यांच्या फोटोंच्या शेजारी, टेबलावर ठेवला. एका बाईनं त्या पायाला हळदकुंकू लावलं. शाल आली, नारळ आला. आता लोकांनी टाळ्या वाजवल्या. देविदास खुर्चीवर एका पायानं बसलेला, पाय दूर टेबलावर. उठून जाताही येत नव्हतं त्याला.

तेवढ्यात निर्मलाची आई कोर्टात आली. तिनं लेकीला खुर्ची आणली नाही. पदर सोडून तिच्या पायांवर टाकला आणि तिला दंडाला धरून ओढायला लागली.

"ऊठ! ऊठ म्हंतो ना! भिकारनीवानी घसरून राह्यली साऱ्या गावापुढे!"

मी मध्ये गेलो. "मावशी, खेळ आहे हा. पुण्याला साहेब लोक खेळतात."

ती माझ्यावर उलटली. "सायेब लोकायचं सायेबायले शोभते. तुमी खाली बसले तं लोक खुर्ची आनते. माही पोरगी दिग्रसच्या स्टँडवर थकून खाली बसली, तं एकानं तिच्यापुढे पैसे टाकले. नव्या लुगड्यात होती, तरी टाकले. तवापासून तिले मी खाली बसू देल्ली नाही. तेल लावू लावू, रडू रडू उभी केली पोट्टी. न तुमी तिले परत मातीत लोळवता?"

मी शिट्टी गळ्यातून काढून खिशात टाकली. निर्मला मान खाली घालून कॅलिपरचे पट्टे बांधत होती. उभी राहिली, आईच्या खांद्यावर हात ठेवून निघाली. मागे पाहिलं नाही तिनं.

त्यानंतर ती खळ्यावर आली नाही. तांड्यातल्या भावांना त्यांच्या बापानं अडवलं. जिनिंगवाला बहिणीकडे पुसदला निघून गेला. राहिलो मी आणि देविदास. दोघांचा व्हॉलिबॉल होत नाही. तरी काही दिवस आम्ही बॉल इकडून तिकडे टाकत बसलो. मग मला मुकुटबनकडे सिक्युरिटीची नोकरी लागली. घर चालवायचं होतं, गेलो.

गावानं देविदासला काही कमी पडू दिलं नाही. ग्रामपंचायतीपुढच्या कडुलिंबाखाली त्याच्यासाठी खास खुर्ची आली, हाताची, गादी घातलेली. तिच्यावर दुसरं कोणी बसत नसे. हॉटेलवाला चहा तिथंच आणून द्यायचा, साखर जास्त टाकून, फौजी म्हणून. कोणाच्या घरी बारसं असो, लग्न असो, पेढे पहिले त्याला. त्यानं नको म्हटलं तर लोक वाईट वाटून घ्यायचे. उठायला लागला की चार हात पुढे. "बसा बसा सायेब, का पाह्यजे सांगा." मी महिन्याकाठी यायचो, तेव्हा तो मला तिथंच दिसायचा. दर वेळी थोडा जास्त सुटलेला.

"खळ्यावर चाल," मी म्हणायचो.

"पाय बसत नाही भाऊ आता," तो म्हणायचा. तुटक्या पायाचा खुंट सुजून जाड झाला होता, नकली पाय चढत नव्हता. पुण्याला जाऊन नवीन माप देऊ म्हटलं. "जाऊ, जाऊ," म्हणाला. फौजेत हा माणूस कधी 'जाऊ, जाऊ' म्हणाला नव्हता. मला त्याचा संताप आला. त्याच्याहून जास्त गावाचा आला. पण कोणावर काढू? समोर दुश्मन असता तर मला काय करायचं ते शिकवलेलं आहे. इथं तर ज्याला विचारावं तो देविदाससाठी जीव द्यायला तयार. फक्त त्याला हलू द्यायला कोणी तयार नाही.

डाव्या पायाला चपलेचा अंगठा घासून फोड आला. त्याला कळलंच नाही. शुगरमध्ये पायाला दुखणं कळत नाही. वहिनीला वास आला, तेव्हा बोटं काळी पडली होती. यवतमाळला ॲडमिट केलं. मी ड्यूटी सोडून गेलो. डॉक्टर म्हणाले, आज पाय काढला तर माणूस राहील. देविदास सही देईना.

"देविदास, ऑर्डर आहे माझी. सही कर."

"तुमी रिटायर झाले भाऊ," तो म्हणाला. हसला पण. "तो पाय गेला तं लोकायनं इचारलं, कुठी गेला. मी म्हनलं, बार्डरवर. आता हा कुठी गेला म्हनून सांगू?"

"काहीही सांग रे. सही कर. आपण पुण्याला जाऊ. बसून खेळायला दोन्ही पाय नसले तरी चालते."

"कोनासंग खेळू?" तो म्हणाला.

वहिनीनं त्याच्यापुढे पदर पसरला, मी हात जोडले. शेवटी सही केली त्यानं, पण तोवर विष रक्तात गेलं होतं. तिसऱ्या दिवशी गेला. माइननं जे केलं नाही, ते मऊ गादीच्या खुर्चीनं केलं. हे मी गावात बोलून दाखवलं तर लोक म्हणाले, हवालदाराच्या डोक्यावर परिणाम झाला.

अंत्ययात्रेला आजूबाजूच्या चार गावांतले माजी सैनिक आले. आम्ही सलामी दिली. गावानं त्याला एक पाऊलही गाडीतून नेलं नाही, खांद्यावर नेलं, खांदे बदलायला रांग लागली होती. निर्मला कुबडीवर उभी होती, सगळा वेळ. बसली नाही.

वर्षश्राद्धाला गेलो तर सरपंच मला हाताला धरून शाळेच्या ग्राउंडवर घेऊन गेले. आमचं कोर्ट होतं, बरोबर त्या जागेवर, जाळी होती तिथं मधोमध, सिमेंटचा बेंच बसवला होता. पाठीवर निळ्या अक्षरांत लिहिलेलं: 'वीर जवान देविदास यांच्या स्मरणार्थ. समस्त ग्रामस्थ.' सरपंचांचे डोळे भरून आले होते. "कसा झाला?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "मजबूत आहे." ते घरी गेले. मी थांबलो.

गुडघे दुखतात आता, तरी मी हळूहळू खाली बसलो. बेंचवर नाही. त्याच्यासमोर, जिथून देविदासनं सर्व्हिस केली होती तिथं. सारवण कधीच उडून गेलं होतं, खडे टोचत होते. तळवे जमिनीवर टेकवून थोडं पुढे सरकून पाहिलं. मनात नाव घेतलं त्याचं, रोल कॉलला घेतात तसं, नंबर, रँक आणि नाव.

रस्त्यानं एक माणूस बैल घेऊन चालला होता. त्यानं मला पाहिलं, कासरा तिथंच टाकला आणि धावत आला.

"हवालदारसायेब! खाली काहून बसले? बेंच हाय ना!"

"असू दे रे," मी म्हणालो.

त्यानं ऐकलं नाही. माझ्या काखेत हात घातले, मला उचललं आणि देविदासच्या नावावर पाठ टेकवून बसवलं.